घरासमोरचं अंगण: रोपं आणण्याआधीचं काम

दक्षिणेच्या भिंतीशी लावलेली जास्वंद जवळजवळ बारा महिने फुलत राहते. तिचंच दुसरं रोप सहा पावलांवर, अंगणाच्या खोलगट कोपऱ्यात लावलं, तर पावसाच्या दिवसांत त्याची मुळं कुजतात आणि त्यातूनही जगलं तर थंडीत गोठलेलं दंव त्याचे शेंडे करपवतं. रोपवाटिका तीच, माती तीच, पाणी घालणारे हातही तेच. फरक त्या सहा पावलांचा. घरासमोरची बाग आखायची म्हणजे आधी हे फरक ओळखायचे आणि मगच खड्डे घ्यायचे.

उष्ण, दमट उपोष्ण हवामानात हे फरक फार ठळक असतात. हवामानशास्त्रज्ञ व्लादिमीर कोपेन यांनी १८८४मध्ये जगाच्या हवामानाची वर्गवारी मांडायला सुरुवात केली. तिच्या आजच्या रूपात या पट्ट्याची ओळख अशी: सर्वांत गरम महिन्याचं सरासरी तापमान २२ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, आणि सर्वांत थंड महिन्याचं १८ अंशांच्या खाली, पण गोठणबिंदूच्या वर. विषुववृत्तापासून साधारण २५ ते ३५ अंशांवर, दोन्ही गोलार्धांत, असे प्रदेश आहेत. पाऊस मुख्यतः उष्ण महिन्यांत, तोही धो धो. मग कोरडे आठवडे. आणि थंडीत एखाददुसरी दंवाची रात्र.

म्हणजे एकाच अंगणाला वर्षभरात पूर, भाजणारं ऊन, कोरड आणि दंव, चारही सोसावं लागतं. बागा फसतात त्या बहुतेक यातल्या एकाच दिवसाचा विचार करून आखल्यामुळे. रोपं आणतो तेव्हा हवा छान असते, आणि आपण त्या छान दिवसासाठी बाग आखतो. माझं सांगणं एवढंच आहे की आधी पाणी बघा, मग ऊन, मग पायाखालची जमीन, आणि रोपांची यादी सगळ्यांत शेवटी करा.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन अंगणात उभे राहा. पन्हाळीचं पाणी कुठे पडतं, कुठून वाहतं, कुठे तुंबतं, हे अर्ध्या तासात कळतं. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. जिथे अजून डबकं आहे, तिथे खुंटी ठोकून ठेवा. ही पाहणी फुकट आहे आणि कुठल्याही महागड्या आराखड्यापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

छपराचं पाणी किती असतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० लिटर पाणी खाली येतं. ते दोन-तीन पन्हाळींतून एकाच जागी आदळत असेल, तर तिथली माती वाहून जाणारच. अशा जागी कितीही चांगलं खत घातलं तरी ते चार पावसांत फाटकाबाहेर गेलेलं असतं.

म्हणून पहिलं काम उताराचं. घराच्या पायापासून पहिल्या ३ मीटरांत जमीन निदान १५ सेंटीमीटर खाली उतरली पाहिजे. फरशी किंवा पेव्हर असेल तर दर मीटरला २ सेंटीमीटर उतार पुरतो, कारण टणक पृष्ठभागावरून पाणी चटकन सरकतं. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन खुंट्या एवढ्यावर हे मोजता येतं. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका; सपाट दिसणारं अंगण कित्येकदा घराकडेच कललेलं असतं.

दुसरं बघायचं ते माती पाणी किती वेगाने पिते. ३० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, तो पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. आता पुन्हा भरा आणि या वेळी पाण्यात पट्टी उभी करून दर तासाला पातळी मोजा. पहिल्यांदा भरायचं ते माती तृप्त करण्यासाठी, नाहीतर कोरडी माती भराभर पाणी ओढते आणि आपल्याला खोटं समाधान देते. दुसऱ्या वेळी तासाला अडीच सेंटीमीटर किंवा जास्त पातळी उतरली तर बहुतेक झुडपांना ती जमीन चालते. त्याहून फार कमी उतरली तर चिकण माती आहे किंवा खाली दाबून घट्ट झालेला थर आहे. नव्या घरांत दुसरी शक्यता जास्त, कारण बांधकामाच्या गाड्या अंगणभर फिरलेल्या असतात आणि वर मातीचा पातळ थर पसरून सगळं झाकलेलं असतं. फावडं अर्ध्या हातावर अडलं की समजायचं.

चिकण मातीत वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते, असा समज फार जुना आहे. थोडी वाळू घातली तर चिकणमातीचे बारीक कण वाळूच्या कणांमधल्या फटी भरून टाकतात आणि माती आणखी घट्ट होते. कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत, वरून आच्छादन आणि वेळ, हाच खरा उपाय. आणि ओल्या चिकणमातीत खणायचं नाही, तुडवायचंही नाही. वाफसा येईपर्यंत थांबायचं. मूठभर माती दाबून गोळा केला आणि बोटाने टोचल्यावर तो फुटला तर काम सुरू करायचं. लोण्यासारखा चेपला गेला तर अजून दोन दिवस.

तुंबणाऱ्या जागेचं काय करायचं? मला सर्वांत आवडणारा उपाय आहे भातखाचरासारखा उथळ वाफा. घरापासून निदान ३ मीटर दूर, १५ सेंटीमीटर खोलीची बशीसारखी खोलगट जागा करायची आणि पन्हाळीचं पाणी दगडगोट्यांच्या चरातून तिच्यात सोडायचं. ६ चौरस मीटरच्या अशा वाफ्यात सुमारे ९०० लिटर पाणी मावतं आणि सावकाश जमिनीत जिरतं. जास्तीचं पाणी बाहेर पडायला एका बाजूला दगडी सांडवा ठेवायलाच हवा. या वाफ्यातलं पाणी दोन दिवसांत जिरलं पाहिजे. उष्ण हवेत डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ आठवडा-दहा दिवसांत पुरी होते, त्यामुळे दोन दिवसांत सुकणाऱ्या वाफ्यात डास तयार होत नाहीत. निचऱ्याची चाचणी नापास झाली असेल तिथे हा वाफा करू नका. ते डबकंच होईल. अशा वाफ्याच्या तळाशी कर्दळ आणि वाळा लावावेत. दोघांनाही काही दिवस पाण्यात उभं राहणं चालतं, आणि वाळ्याची मुळं इतकी खोल जातात की कोरड्या महिन्यांतही तो तग धरतो. पाण्यात मुळं कुजतील अशी झुडपं काठावर, वरच्या बाजूला.

ऊन मोजायचं ते दोन ऋतूंत

समोरची बाग कुठे तोंड करून आहे, हे घर बांधतानाच ठरून गेलेलं असतं. त्यामुळे सूर्याशी जुळवून घेण्याला पर्याय नाही. उत्तर गोलार्धात, ३० अक्षांशावर, २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ८३ अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. २१ डिसेंबरला तो जेमतेम ३७ अंश चढतो. ६ मीटर उंच घर असेल तर त्याची मध्यान्हीची सावली जूनमध्ये फक्त ७० सेंटीमीटर लांब पडते आणि डिसेंबरमध्ये ८ मीटर. घर उत्तराभिमुख असेल तर उन्हाळ्यात लख्ख उन्हात असलेलं समोरचं अंगण थंडीत आठवडेच्या आठवडे सावलीत जातं. जूनमध्ये पाहून लावलेली ऊनवेडी रोपं डिसेंबरमध्ये का खंगतात, याचं उत्तर इथे आहे. दक्षिण गोलार्धात दिशा आणि महिने उलट करून वाचा.

त्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य नेमका पूर्वेला उगवतही नाही. तो पूर्वेच्या सुमारे २७ अंश उत्तरेला उगवतो आणि तितकाच उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणून उत्तराभिमुख घरांना भर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन लागतं. पण खरा त्रास देतं ते पश्चिमेचं ऊन. दुपारपर्यंत भिंती आणि फरशी तापलेल्या असतात, हवाही दिवसातली सर्वांत गरम असते, आणि त्यात सूर्य खाली येऊन थेट खिडकीत शिरतो. छज्जा इथे कामाचा नाही, कारण तिरपं ऊन त्याच्या खालून येतं. त्याला अडवायला झाडच लागतं.

म्हणून समोरच्या बागेत एकच मोठं झाड लावायचं असेल, तर ते पश्चिम किंवा नैर्ऋत्य बाजूला लावा, आणि ते पानगळीचं असू द्या. उन्हाळ्यात पानांनी भरलेलं झाड ऊन अडवतं, शिवाय पानांतून बाष्प सोडून आजूबाजूची हवा गार करतं. थंडीत पानं गळून गेली की तेच ऊन फांद्यांतून घरात येतं, आणि तेव्हा ते हवंसं असतं. कांचन या कामाला चांगला. ताम्हणाच्याच कुळातला क्रेप मर्टल लहान अंगणासाठी उत्तम: उन्हाळाभर फुलतो, थंडीत पानं गाळतो, हलकं दंव सोसतो आणि त्याची साल सोलून निघते तेव्हा खोडसुद्धा बघत राहावंसं वाटतं. एक विनंती, त्याच्या फांद्या दरवर्षी खांद्यापासून तोडून ठुंठ करू नका. त्या जखमांवर कमकुवत फुटव्यांचे झुपके येतात, फुलांच्या वजनाने वाकतात, आणि झाडाचा आकार कायमचा बिघडतो.

मोठं होणारं झाड घरापासून ६ मीटर तरी दूर हवं, आणि वरून गेलेल्या विजेच्या तारांखाली तर नकोच. खणण्याआधी पाण्याचे, सांडपाण्याचे नळ आणि जमिनीखालच्या तारा कुठून गेल्या आहेत ते विचारून घ्या.

हिरवळ हवी, पण किती?

हिरवळीबद्दल माझं मत सरळ आहे: जिथे पाऊल पडणार, बसणं होणार, मुलं लोळणार, तेवढीच हिरवळ ठेवा. कडक उन्हाळ्यात पाऊस नसेल तर हिरवळीला आठवड्याला साधारण अडीच सेंटीमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. ५० चौरस मीटरला आठवड्याला १,२५० लिटर. नुसतं बघायला ठेवलेल्या गवतासाठी हे मला फार वाटतं.

मात्र ठेवायचं तर गवत या हवेचं ठेवा. थंड प्रदेशातली गवतं १६ ते २४ अंशांत खुलतात आणि त्यापुढे दमतात. कारण पानाच्या आत आहे. कार्बन डायऑक्साइड पकडणारं त्यांचं विकर (एन्झाइम) उष्णता वाढली की चुकून ऑक्सिजन जास्त पकडू लागतं, आणि तयार झालेली साखर ही चूक निस्तरण्यात खर्च होते. हरळी, झॉयसिया, सेंट ऑगस्टीन या उष्ण प्रदेशी गवतांनी यावर तोड काढली आहे: ती आधी कार्बन डायऑक्साइड गोळा करून पानाच्या आतल्या खास पेशींत दाटीने भरतात, मग विकराला चुकायला वावच राहत नाही. त्यामुळे २७ ते ३५ अंशांत, जेव्हा आपण सावली शोधत असतो, तेव्हा हरळी जोमात वाढत असते.

हरळीला निदान ६ तास थेट ऊन हवं. झाडाखाली ती विरळ होत जाते आणि दरवर्षी नवीन लावूनही टिकत नाही. थोड्या सावलीत सेंट ऑगस्टीन बरं, दाट सावलीत मात्र गवताचा हट्ट सोडून जमिनीलगत वाढणारी सावलीची रोपं लावावीत. थंडीत माती १० अंशांच्या खाली गेली की हरळी पिवळी-तपकिरी पडते. ती मेलेली नसते, झोपलेली असते. या दिवसांत घाबरून खत आणि पाण्याचा मारा केला तर गवताला काही मिळत नाही, तण मात्र पोसलं जातं. कापताना एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नका. गवत बुटकं ठेवलं की मुळंही उथळ राहतात, आणि उथळ मुळांचं गवत पहिल्याच कोरड्या आठवड्यात मान टाकतं.

भिंतीजवळची पट्टी

घराच्या पायाला लागून असलेली पट्टी वेगळीच दुनिया असते. वरच्या छज्ज्यामुळे तिथे पाऊस पोहोचत नाही, भिंत रात्रीही उष्णता सोडत राहते, आणि सिमेंट-चुन्यातला चुना हळूहळू मातीत उतरून तिला अल्कधर्मी करतो. एक्झोरा आम्लधर्मी मातीतली. तिला तिथे लावलं की पानं पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नाही. लोक नत्राचं खत घालत राहतात आणि रोप पिवळंच राहतं. एक्झोरा भिंतीपासून दूर किंवा कुंडीत लावली की प्रश्न मिटतो.

भिंतीपासूनचं अंतर रोपाच्या आजच्या आकारावरून ठरवू नका. पूर्ण वाढलेल्या झुडपाच्या रुंदीचा अर्धा भाग अधिक ३० सेंटीमीटर, एवढं अंतर हवं. दीड मीटर पसरणारं झुडूप भिंतीपासून मीटरभराहून थोडं दूर लावायचं. सुरुवातीला तिथे मोकळं दिसतं, ते दिसू द्यावं. दमट हवेत भिंतीला चिकटलेली पानं ओल धरून ठेवतात, बुरशी येते, आणि भिंत रंगवायला मागे हातही जात नाही. लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादनही भिंतीपासून १५ सेंटीमीटर दूर ठेवा. वाळवीला आडोसा आणि ओल दोन्ही एकाच जागी देऊ नका.

आता रोपांची यादी

इथवर आल्यावर यादी जवळजवळ आपोआप तयार होते, कारण प्रत्येक जागेचं ऊन आणि पाणी माहीत असतं. रखरखीत, निचऱ्याच्या जागी बोगनवेल. तिला लाड नकोत. भरपूर पाणी आणि नत्र मिळालं की ती पानंच पानं काढते, थोडा ताण दिला की रंगाने भरून जाते. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असेल तिथे मोगरा, जास्वंद. चाफा उन्हात आणि उंचवट्यावर, कारण ओल्या जमिनीत त्याची मुळं सडतात आणि दंव त्याला सोसत नाही. कुंपणासाठी कुंती सुरेख दिसते आणि दरवळते, पण लिंबू-संत्र्याच्या झाडांना घातक रोग पसरवणारी कीड तिच्यावर वाढते. जवळ लिंबूवर्गीय झाडं असतील तर दुसरं काही निवडा.

कण्हेर ऊन, कोरड, वारा सगळं सोसते आणि म्हणूनच रस्त्याकडेला सर्वत्र दिसते. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर फारच. लहान मुलं असलेल्या घरासमोर मी ती लावणार नाही. घाणेरी आणि पिवळ्या फुलांची वेडेलिया ही दोन्ही सहज पसरतात म्हणून विकली जातात, आणि दोन्ही जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परकीय आक्रमक जातींच्या प्रसिद्ध यादीत आहेत. कुंपणापलीकडे त्या काय करतात याची जबाबदारी लावणाऱ्याचीच. आपल्या प्रदेशातली मूळ झाडझुडपं शोधण्याचा थोडा त्रास घ्या. तिथल्या फुलपाखरांना आणि पक्ष्यांना ती ओळखीची असतात.

वाटेबद्दल थोडक्यात: दारापर्यंतची मुख्य वाट १.२ ते १.५ मीटर रुंद हवी, म्हणजे दोघं बरोबरीने चालू शकतात. तिच्या कडेला काटेरी काही नको. शक्य तिथे सलग काँक्रीटऐवजी फटी ठेवून बसवलेले दगड किंवा पाणी झिरपू देणारे पेव्हर घ्या आणि रंग फिकट निवडा.

लावणी आणि पहिलं वर्ष

झाडझुडपांसाठी मला पावसाळा सरतानाचा काळ आवडतो. माती अजून उबदार आणि ओलसर असते, हवा निवत असते, त्यामुळे पानांची मागणी कमी आणि मुळांची वाढ चालू राहते. दंवाला भिणारी उष्णप्रेमी रोपं मात्र पावसाच्या सुरुवातीला लावावीत, म्हणजे थंडीपर्यंत त्यांना अंग धरायला वेळ मिळतो.

खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दोन-तीनपट रुंद, पण हुंडीपेक्षा खोल नको. खोल खड्ड्यात भरलेली माती बसते आणि झाड खाली जातं. बुंधा जिथे पसरट होऊन मुळांत मिसळतो, तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. चिकण जमिनीत हुंडी तीन-चार सेंटीमीटर वरच राहू द्या. पिशवीत गोल गोल वळलेली मुळं लावण्याआधी सोडवा किंवा कापा, नाहीतर ती तशीच जाड होत जातात आणि काही वर्षांनी झाडाचा गळा आवळतात. वर ५ ते ८ सेंटीमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, मात्र बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. बुंध्याशी रचलेला ढीग सालीला सतत ओलं ठेवतो आणि ती कुजते.

पाणी पहाटे, सावकाश आणि खोलवर. संध्याकाळी भिजलेली पानं रात्रभर ओली राहतात आणि दमट हवेत बुरशीला तेच हवं असतं. रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर दिलेलं पाणी मुळांना खाली ओढतं. मुळं रुजेपर्यंत, म्हणजे निदान पहिलं वर्षभर, कोरड्या दिवसांत प्रत्येक झाडाकडे लक्ष ठेवावं लागतं.

मग थंडी येते. दंव पडतं ते निरभ्र, वारा नसलेल्या रात्री, जेव्हा जमिनीची उष्णता आड काही नसल्याने वर निघून जाते आणि थंड, जड हवा उताराने वाहत खोलगट जागी साठते. दाट कुंपणामागेही ती अडते. अशा रात्रीआधी दिवसा मातीला पाणी द्या. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते. नाजूक झुडपांवर संध्याकाळीच सुती कापड टाका, ते जमिनीपर्यंत पोहोचू द्या, म्हणजे मातीची ऊब आत अडून राहील, आणि सकाळी ऊन आलं की काढा.

तरीही काही फांद्या काळ्या पडतील. त्या लगेच कापायचा मोह होतो, पण छाटणीने नवे कोंब फुटले तर पुढच्या दंवात तेही जातील, आणि मेलेल्या शेंड्यांचा खालच्या डोळ्यांना थोडा आडोसाही असतो. हवा पुन्हा उबदार होईपर्यंत थांबा. मग शेंड्याकडून खाली येत नखाने साल हलकेच खरवडत जा. आत तपकिरी दिसलं तर आणखी खाली या. ओलसर हिरवं दिसलं की त्याच्या जरा वर कात्री लावा.